फुटबॉल सामन्याचे फोटो: मैदानाच्या कडेला पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

फुटबॉलचे फोटो काढायला नव्याने आलेला माणूस जवळजवळ नेहमी एकच गोष्ट करतो: चेंडू जाईल तिथे कॅमेरा फिरवतो. चेंडू पलीकडच्या टोकाला गेला की तिकडे, परत आला की इकडे. सामना संपतो तेव्हा कार्डावर शेकड्यांनी फोटो असतात आणि त्यांत बहुतेक पाठी, लांबवरचे ठिपके आणि नुकताच फ्रेमबाहेर निसटलेला चेंडू. महागडी लेन्स घेतली म्हणून हे सुटत नाही. आधी जागा ठरवायची, त्या जागेवरून काय मिळू शकतं ते ओळखायचं आणि खेळ तिथे येईपर्यंत थांबायचं. सेटिंग्ज एका बैठकीत शिकून होतात. खेळ वाचायला मात्र वेळ लागतो आणि या कामातला खरा आनंदही तिथेच आहे.

सामना कोणता निवडायचा

सुरुवात लहान सामन्यांपासून करा. शाळा-कॉलेजचे, क्लबचे, हौशी लीगचे सामने. मोठ्या स्टेडियममध्ये तिकीट काढून बसलात तर मैदान लांब असतं, पुढच्या रांगेतली डोकी मध्ये येतात आणि बऱ्याच ठिकाणी मोठी लेन्स आत नेऊच देत नाहीत. लहान सामन्यात थेट रेषेजवळ बसता येतं. तिथून खेळाडूंची धाप ऐकू येते, गोलकीपर बचावपटूंना काय ओरडून सांगतोय ते कळतं, आणि त्यावरून पुढे काय होणार याचा अंदाज बांधता येतो. शिकायला याहून चांगली जागा नाही.

शक्यतो दिवसाउजेडीचा सामना घ्या. दिव्यांच्या प्रकाशातले सामने नंतर.

आयोजकांना किंवा प्रशिक्षकांना आधी विचारा आणि मैदानावर गेल्यावर रेफरींनाही सांगा. खेळाडू लहान मुलं असतील तर पालकांची आणि संस्थेची परवानगी हवीच. फोटो कुठे वापरणार तेही तेव्हाच बोलून घ्या. कपडे दोन्ही संघांच्या जर्सीच्या रंगांपेक्षा वेगळे असू द्या. कडेला बसलेली त्याच रंगातली व्यक्ती डोळ्याच्या कोपऱ्यातून खेळाडूला आपल्यातलीच वाटू शकते. फ्लॅश वापरू नका. रेषेपासून दोन-तीन मीटर मागे राहा आणि बॅग त्याहून मागे ठेवा. घसरत टॅकल करणारा खेळाडू रेषेवर थांबत नाही आणि तुमच्या बॅगेवर त्याचा पाय मुरगळता कामा नये.

सामान

याबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ याच चर्चेत जातो.

फोकल लेंग्थ (लेन्स दूरचं किती जवळ आणते ते सांगणारा मिलिमीटरमधला आकडा) किती हवी याचं उत्तर साध्या गणितात आहे. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २०० मिमी लेन्स असेल तर २० मीटरवरचा उभा खेळाडू आडव्या फ्रेमची साधारण पाऊण उंची व्यापतो. ३०० मिमीने तोच आकार ३० मीटरवर मिळतो, ४०० मिमीने ४० मीटरवर. सेन्सर लहान असलेल्या, म्हणजे १.५ क्रॉपच्या कॅमेऱ्यावर ही अंतरं दीडपट होतात. तेव्हा अशा कॅमेऱ्यावर साधी ७०-३०० झूम लेन्स असली तरी जवळजवळ ४५ मीटरपर्यंतचा खेळ नीट टिपता येतो. पूर्ण आकाराचं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. म्हणजे आपल्या बाजूचं अर्धं मैदान तुमच्या हातात आलं. शिकायला तेवढं पुरे.

अ‍ॅपर्चरचा (लेन्समधून प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा) फरक मात्र पैशाने भरून निघतो, बाकी कशाने नाही. एफ/२.८ ची लेन्स एफ/५.६ च्या लेन्सपेक्षा चौपट प्रकाश आत घेते आणि पार्श्वभूमीही जास्त धूसर करते. दिवसा एफ/५.६ वर उत्तम काम होतं. संध्याकाळ झाली की अडतं. लेन्स जड असेल तर मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घ्या. ट्रायपॉड मैदानाच्या कडेला गैरसोयीचा आणि इतरांना धोक्याचाही. याशिवाय एक जास्तीची बॅटरी, मोकळं कार्ड, लेन्स हूड, पावसासाठी मोठी प्लॅस्टिकची पिशवी आणि कोरडं फडकं. बसायला छोटं स्टूल किंवा चटई विसरू नका. गुडघे दुखायला लागले की लक्ष खेळावरून उडतं.

घरून लावून न्यायच्या सेटिंग्ज

मोड मॅन्युअल, आयएसओ (प्रकाशाला सेन्सर किती संवेदनशील ते) ऑटो. शटर स्पीड (शटर सेकंदाचा कितवा भाग उघडा राहतो ते) आणि अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवायचं. ढग आले-गेले तर कॅमेरा आयएसओ वर-खाली करून सांभाळून घेईल.

शटर स्पीड किमान १/१०००, उजेड असेल तर १/१६०० किंवा १/२०००. इतका का, ते चेंडूवरून कळतं. चेंडूचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर. ताशी १०० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जातो. १/२५० सेकंदात तो ११ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे आपल्या अर्ध्या व्यासाइतका, आणि फोटोत चेंडूऐवजी पुसट पट्टा येतो. १/१००० वर तीच सरक तीन सेंटिमीटरच्या आत येते. किक मारणारा पायही असाच फार वेगात असतो. चेहरा स्थिर आणि बूट किंचित पुसट असा फोटो मला चालतो, उलट मात्र कधीच नाही.

अ‍ॅपर्चर लेन्सचं जितकं उघडेल तितकं. आयएसओची भीती सोडा. ३२०० किंवा ६४०० वर दाणे दिसतील, पण दाणे नंतर कमी करता येतात. हललेला चेहरा कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही.

फोकस सतत चालू राहणारा हवा. निकॉन, सोनी, फुजीफिल्ममध्ये त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननमध्ये सर्वो किंवा एआय सर्वो. फोकसचा भाग पूर्ण फ्रेमभर पसरवू नका. एक बिंदू आणि त्याभोवतीचे काही बिंदू असा छोटा गट निवडा. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत माणूस किंवा डोळा ओळखणारी सोय असते. मोकळ्यावर धावणाऱ्या खेळाडूसाठी ती अप्रतिम आहे. पेनल्टी एरियात (गोलपुढच्या मोठ्या चौकटीत) आठ-दहा जण एकत्र आले की ती मागच्याच कुणावर तरी उडी मारते. म्हणून ती एका बटणाने चालू-बंद करता येईल अशी लावून ठेवा.

आणखी एक बदल सुरुवातीपासून करून घ्या: फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्या. अंगठ्याने फोकस, तर्जनीने फोटो. पहिल्या सामन्यात हात गोंधळतील. पण एकदा अंगवळणी पडलं की खेळाडूला फोकसमध्ये धरून ठेवणं आणि योग्य क्षणी फोटो घेणं ही दोन कामं वेगळी होतात, आणि खेळाच्या फोटोग्राफीत ती वेगळी असायलाच हवीत. मध्ये रेफरी आडवा आला तर अंगठा क्षणभर उचलायचा. फोकस जिथे होता तिथेच राहतो.

इलेक्ट्रॉनिक शटरबाबत (पडदा न हलता फोटो घेण्याची सोय) सावध राहा. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे वेगातला चेंडू अंड्यासारखा लांबट येतो. निकॉन झेड ९ (२०२१) सारख्या कॅमेऱ्यांत हे वाचन इतकं वेगवान आहे की त्रास जाणवत नाही, आणि सोनीच्या ए९ III (२०२३) मध्ये संपूर्ण सेन्सर एकाच वेळी वाचला जातो. तुमचा कॅमेरा या वर्गातला नसेल तर मेकॅनिकल शटरच वापरा.

कुठे बसायचं

या एका निर्णयावर निम्मे फोटो अवलंबून असतात. सामन्याआधी अर्धा तास पोहोचा आणि बॅग न उघडता मैदानाला एक फेरी मारा.

पहिला प्रश्न प्रकाशाचा. सूर्य तुमच्या पाठीमागे किंवा खांद्यावरून येणारा असावा, म्हणजे खेळाडूंच्या चेहऱ्यावर उजेड पडेल. भर दुपारी सूर्य डोक्यावर असला की डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात. तेव्हा जागेने फारसा फरक पडत नाही. उतरत्या उन्हात मात्र योग्य बाजू आणि चुकीची बाजू यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

दुसरा प्रश्न चेहऱ्यांचा. आक्रमण करणारे खेळाडू गोलकडे तोंड करून धावतात, त्यामुळे चेहरे हवे असतील तर गोललाइनच्या मागे बसायला हवं. टचलाइनच्या (मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेच्या) मध्यावर, हाफलाइनपाशी बसलात तर बाजूने धावणारी माणसं मिळतील आणि ती तुमच्यापासून दूरच जात राहतील. प्रेक्षकांना तिथून खेळ छान दिसतो, म्हणून नवशिके तिथे बसतात. कॅमेऱ्यासाठी ती जागा कमकुवत आहे.

माझी आवडती जागा कॉर्नर फ्लॅग आणि पेनल्टी एरियाची कड यांच्या मध्ये, गोललाइनच्या मागे. पूर्ण आकाराच्या मैदानावर हा पट्टा साधारण १४ मीटरचा असतो. इथून विंगवरून, म्हणजे मैदानाच्या कडेने येणारा खेळाडू समोर येतो, पेनल्टी एरियातली झुंज तिरकी दिसते, गोलकीपरची झेपही मिळते. गोलपोस्टच्या अगदी जवळ बसलात तर जाळी आणि खांब वारंवार आड येतात.

दोन कॉर्नरपैकी कोणता? लाइन्समन असतील तर प्रत्येकजण एकेका टचलाइनवर, मैदानाच्या एकेका अर्ध्या भागात धावतो. म्हणजे प्रत्येक गोलच्या एका बाजूला लाइन्समन असतो आणि दुसरी बाजू मोकळी असते. प्रकाश दोन्हीकडून सारखाच असेल तर मोकळी बाजू घ्या.

तिसरा प्रश्न पार्श्वभूमीचा, आणि इथे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. तुम्ही निवडलेल्या जागेवरून समोर काय दिसतं? उभ्या केलेल्या गाड्या, पाण्याची पिंपं, पांढरा तंबू, की झाडांची गडद रांग? एफ/५.६ च्या लेन्सने पार्श्वभूमी पुरती वितळत नाही. पांढरी गाडी पांढरी गाडीच राहते. प्रकाश थोडा कमी चांगला असला तरी मागे गडद झाडं मिळत असतील तर मी तीच बाजू घेतो.

आणि खाली बसा. उभं राहून काढलेल्या फोटोत खेळाडूमागे गवतच गवत येतं आणि माणूस बुटका दिसतो. गुडघ्यावर किंवा छोट्या स्टुलावर बसलं की क्षितिज खाली येतं, खेळाडू आकाशावर किंवा प्रेक्षकांवर उठून दिसतो, हेडरसाठी मारलेली उडी खरोखर उंच वाटते.

एकदा बसलात की किमान अर्धा सामना तिथेच राहा. खेळ पलीकडच्या टोकाला गेला की हात शिवशिवतात, पण ८० मीटरवरच्या गोलचा फोटो काढून काही मिळत नाही. तिकडे गोल झाला तर होऊ द्या. तेवढ्या वेळात जवळचा बचावपटू, एकटा उभा गोलकीपर, बाकावरचे राखीव खेळाडू पाहा. विशिष्ट संघासाठी फोटो काढत असाल तर तो संघ ज्या गोलवर आक्रमण करणार आहे तिथे बसा आणि मध्यंतरानंतर टोक बदला. तसं बंधन नसेल तर उत्तम प्रकाशाची जागा सोडू नका. उत्तरार्धात दुसरा संघ तुमच्याकडे येणारच आहे.

खेळ वाचणं

डोळ्याने पाहून बोट दाबेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात वेगाने मारलेला चेंडू पाच मीटरहून जास्त पुढे जातो. म्हणून किक दिसल्यावर बटण दाबलं तर फोटोत चेंडू नसतो. किक होण्याआधी दाबावं लागतं आणि त्यासाठी ती येणार हे ओळखावं लागतं.

मग दहा फ्रेमचा बर्स्ट (बटण दाबून ठेवल्यावर लागोपाठ निघणारे फोटो) आहेच की, असं वाटेल. सेकंदाला दहा फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यातही तो चेंडू दोन फ्रेमच्या मध्ये जवळजवळ पावणेतीन मीटर जातो. पायाला लागलेला क्षण त्या फटीत सहज निसटतो. बर्स्ट मदत करतो, वेळ साधायचं काम तो तुमच्यासाठी करत नाही. तीन-चार फ्रेमचे छोटे झटके घ्या. बोट दाबूनच ठेवलं तर कॅमेऱ्याचा बफर (फोटो कार्डावर जाण्याआधीची तात्पुरती साठवण) भरतो आणि नेमका गोलच्या वेळी कॅमेरा थबकतो, विशेषतः रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, मोठी) फाइल घेत असाल तेव्हा.

ओळखायचं कसं, तर शरीराकडे पाहून. शॉट मारणारा खेळाडू आधी मान वर करून गोलकडे बघतो, मग नजर चेंडूवर आणतो, आधाराचा पाय चेंडूशेजारी रोवतो आणि विरुद्ध हात मागे जातो. आधाराचा पाय जमिनीला टेकला की बटण दाबायचं. क्रॉस (कडेने गोलपुढे टाकलेला चेंडू) येणार असेल तेव्हाही असंच होतं. विंगवरचा खेळाडू कडेने धावताना त्याला फ्रेममध्ये धरा. त्याने मान वर करून पेनल्टी एरियात पाहिलं की एक-दोन फ्रेम घ्या आणि चेंडूचा नाद सोडून लगेच कॅमेरा लांबच्या खांबाकडे न्या. चेंडू तिथे येतोय, तुम्ही त्याच्या आधी पोहोचायचंय. हेडरमध्ये खेळाडूने जमीन सोडताच सुरुवात करा. उडी सर्वात उंच जाते त्या सुमाराला चेंडू कपाळाला लागतो.

कॉर्नर किक ही नवशिक्यांसाठी देणगी आहे, कारण खेळ थांबतो आणि तयारीला वेळ मिळतो. मारणाऱ्याकडे बघू नका. पेनल्टी एरियात कोण कुणाची जर्सी ओढतंय, उंच खेळाडू कुठे उभा आहे, गोलकीपर पुढे यायच्या तयारीत आहे का ते पाहा आणि एकाची निवड करा. निवड चुकली तरी चालेल. दोघांच्या मध्ये धरलेला कॅमेरा कुणाचाच फोटो देत नाही.

पेनल्टीच्या वेळी तर हे आणखी स्पष्ट होतं. चेंडूपासून गोल ११ मीटरवर. मारणारा की गोलकीपर, हे शिट्टीच्या आधी ठरवा. माझा कल गोलकीपरकडे असतो: गोल झाला तरी त्याची झेप मिळते, अडवला तर मग सगळंच मिळतं.

हे जमण्यासाठी दोन्ही डोळे उघडे ठेवायची सवय लावा. एक डोळा व्ह्यूफाइंडरमध्ये, दुसरा मैदानावर. सुरुवातीला जमत नाही, डोकं भणभणतं. सराव सत्रात, जिथे काही गमवायचं नसतं, तिथे करून पाहा. वॉर्म-अपची वेळही यासाठी सोन्यासारखी आहे. खेळाडू तुमच्या दिशेने धावत येतात, पुन्हा पुन्हा. एकेकाला फोकसमध्ये धरून अंगठ्याचा सराव करा.

पहिले काही सामने एका वेळी एकच काम हाती घ्या. एका सामन्यात फक्त धावणारे खेळाडू फोकसमध्ये ठेवणं, दुसऱ्यात फक्त दोघांची झुंज, तिसऱ्यात फक्त गोलकीपर. सामना तुमच्यासमोर घडत असताना एवढं आवरतं घेणं जड जातं, तरी हात याच पद्धतीने लवकर बसतो.

चेंडू नसलेले फोटो

गोल झाला की नवशिके कॅमेरा खाली करून टाळ्या वाजवतात. खरं काम तेव्हा सुरू होतं. गोल करणारा आपल्या साथीदारांकडे, बाकाकडे किंवा समर्थकांकडे धावतो. झूम मागे घ्या, कारण मागून चार जण त्याच्या अंगावर येणार आहेत आणि घट्ट फ्रेममध्ये त्यांची डोकी कापली जातील. जल्लोष टिपून झाला की लगेच दुसऱ्या संघाकडे वळा. जाळीतून चेंडू काढणारा गोलकीपर, कमरेवर हात ठेवून उभा बचावपटू. माझ्या मते सामन्याची गोष्ट जल्लोषाइतकीच तिथेही असते.

१२ एप्रिल २००५ रोजी मिलानच्या सान सिरो मैदानावर इंटर आणि एसी मिलान यांच्यात चॅम्पियन्स लीगचा उपांत्यपूर्व सामना चालू असताना प्रेक्षकांतून पेटते फ्लेअर मैदानात पडले. एक मिलानच्या गोलकीपरला, दीदाला लागला. खेळ थांबला, पुढे सामनाच सोडून द्यावा लागला. त्या खोळंब्यात इंटरचा मातेरात्झी मिलानच्या रुई कोस्ताच्या खांद्यावर कोपर टेकवून लाल धुराकडे बघत उभा होता. रॉयटर्सचे स्तेफानो रेलांदिनी यांनी टिपलेला तो फोटो आज फुटबॉलच्या सर्वांत ओळखीच्या फोटोंपैकी एक आहे. त्यात ना चेंडू आहे, ना धावपळ. खेळ थांबला म्हणून ज्यांनी त्या वेळी कॅमेरा खाली ठेवला असेल, त्यांना तो मिळणं शक्यच नव्हतं.

दिव्यांखाली

दिवसाचे फोटो जमायला लागले की संध्याकाळच्या सामन्यांकडे वळा. इथे तीन गोष्टी बदलतात.

प्रकाश स्थिर असतो, म्हणून ऑटो आयएसओ बंद करून शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ तिन्ही हाताने लावणं बरं. नाहीतर काळी जर्सी, पांढरी जर्सी, मागचा अंधार यांच्यामागे कॅमेरा भरकटतो. वॉर्म-अपमध्ये चेहरा नीट उजळ येईल इतकं एक्स्पोजर शोधा आणि तेच ठेवा. शटर १/१००० परवडत नसेल तर १/८०० किंवा १/६४० पर्यंत खाली या आणि क्षण तसे निवडा: उडीच्या शिखरावर किंवा दिशा बदलताना शरीर क्षणभर संथ होतं.

लहान मैदानांवर प्रकाश सगळीकडे सारखा नसतो. खांबांजवळ उजेडाचे पट्टे, मध्ये अंधारे पट्टे. सामन्याआधी त्याच सेटिंगवर मैदानाच्या वेगवेगळ्या भागांचे फोटो घेऊन उजळ पट्टा कुठे आहे ते पाहून ठेवा आणि खेळ तिथे आल्यावरच बटण दाबा.

तिसरी गोष्ट लुकलुक. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. ६० हर्ट्झला १२० वेळा. डोळ्याला कळत नाही, पण १/१००० चा शटर त्या चढ-उताराचा एक तुकडाच पकडतो. त्यामुळे एकाच बर्स्टमधला एक फोटो उजळ, पुढचा काळपट, तिसरा पिवळसर येतो. जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांत हे फार दिसतं. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय असेल तर चालू करा. ती उजळ क्षण साधून शटर उघडते, बर्स्ट किंचित मंदावतो एवढंच. सोय नसेल तर रॉ मध्ये फोटो घ्या आणि नंतर रंग जुळवा.

पावसाचंही इथेच सांगतो. पाऊस आला म्हणून घरी जाऊ नका. उडणारं पाणी, चिखलाने माखलेले चेहरे असे फोटो कोरड्या दिवशी मिळत नाहीत. कॅमेऱ्यावर पिशवी, पुढे हूड, खिशात फडकं, आणि मैदानावर लेन्स बदलायची नाही. वीज कडाडायला लागली तर मात्र सगळं आवरून आडोशाला जा.

नावं, वेळ आणि कॅप्शन

फोटो चांगला, पण त्यात कोण आहे हेच ठाऊक नसेल तर तो कुणाच्याच उपयोगाचा नाही. सामन्याआधी कॅमेऱ्यातलं घड्याळ बरोबर लावा. दोन्ही संघांच्या खेळाडूंची यादी, जर्सी क्रमांकांसह, कुणाकडे तरी असतेच. तिचा एक फोटो काढून ठेवा. गोल झाल्यावर जल्लोष संपला की गोल करणाऱ्याच्या जर्सीचा क्रमांक दिसेल असा फोटो घ्या आणि फलक असेल तर त्याचाही. रात्री कॅप्शन लिहिताना या फोटोंचे आभार मानाल.

कॅप्शनमध्ये कोण, कोणत्या संघाचा, काय करतोय, कुणाविरुद्ध, कुठे आणि कोणत्या तारखेला, इतकं यावं. कॅप्शनचं महत्त्व एका प्रसिद्ध फोटोवरून पटतं. १३ जून १९८२ ला बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊवर विश्वचषकाचा पहिला सामना झाला, अर्जेंटिना विरुद्ध बेल्जियम. स्टीव्ह पॉवेल यांच्या फोटोत मॅराडोनाच्या पायाशी चेंडू आणि समोर बेल्जियमचे सहा खेळाडू. पाहणाऱ्याला वाटतं, एका माणसाला अडवायला सहा जण धावले. प्रत्यक्षात फ्री किकसाठी उभी केलेली भिंत नुकतीच फुटत होती आणि अर्जेंटिनाच्याच आर्दिलेसने छोटा पास मॅराडोनाकडे दिला होता. फोटो खराच आहे आणि अप्रतिमही. त्या क्षणाआधी काय घडलं हे मात्र फोटो सांगू शकत नाही, ते शब्दांनीच सांगावं लागतं. आणि बेल्जियमने तो सामना १-० ने जिंकला, हेही.

क्रॉप करा, क्षितिज सरळ करा, उजेड आणि रंग जुळवा. नसलेला चेंडू आणून बसवू नका, मागचा खेळाडू पुसू नका. लहान मुलांच्या सामन्यांत फोटो जाहीर करताना नावं द्यायची की नाही हे संस्थेला विचारूनच ठरवा.

निवड, आणि टाकलेले फोटो

घरी आल्यावर पहिली चाळणी झपाट्याने करा: फोकस नाही, बाद. चेहरा नाही आणि चेंडूही नाही, बाद. दुसऱ्या चाळणीत एकाच क्षणाच्या चार फ्रेममधली एक ठेवा. ती निवडताना डोळे उघडे आहेत का, हात चेहऱ्यावर आलाय का, चेंडू अंगामागे लपलाय का ते पाहा. तिसरी चाळणी शक्य तर दुसऱ्या दिवशी, सामन्याचा उत्साह ओसरल्यावर. संपूर्ण सामन्यातून दहा-बारा फोटो उरले तर ते चांगलं काम समजा आणि तेवढेच लोकांना दाखवा. शंभर फोटो पाठवले की त्यातले चांगले दहा कुणाच्या नजरेतच भरत नाहीत.

टाकलेले फोटो मात्र पुसण्याआधी एकदा चाळा. पुढच्या सामन्याची तयारी त्यांतूनच होते. खेळाडू धूसर आणि मागचे प्रेक्षक स्पष्ट आले असतील तर फोकसचा गट फार मोठा होता किंवा अंगठा उशिरा पडला. धावण्याच्या दिशेने सगळंच ओढल्यासारखं असेल तर शटर कमी पडला. वर-खाली हललेलं असेल तर हात थकला होता, मोनोपॉड घ्या. चेंडू प्रत्येक वेळी फ्रेमच्या बाहेर असेल तर बटण उशिरा दाबलं जातंय. आधाराच्या पायाकडे लक्ष द्या. पाय कापले जात असतील तर तुम्ही फार घट्ट धरताय, झूम थोडा मागे घ्या आणि नंतर क्रॉप करा. सगळं स्पष्ट असूनही नुसत्या पाठीच पाठी दिसत असतील, तर सेटिंग्जना हात लावू नका. पुढच्या वेळी दुसऱ्या जागी बसा.